पहिली शेजारीण

ही गोष्ट खरी आहे. माझ्याच बाबतीत घडलेली आहे.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात, हे मलाही ठाऊक आहे. माझ्या गोष्टीत रात्र नाही. जे झालं ते सकाळी दहाला, कॉफीच्या वेळेला, लख्ख उजेडात झालं. मंगळवार, चौदा नोव्हेंबर 2017. गाव लिंटेलवेन. गेल्डरलँड प्रांताचं पार पूर्वेचं टोक, जिथली माणसं पेट्रोल भरायला जर्मनीत जातात.

नावं मी बदललेली नाहीत. ज्याला राग यायचा त्याला येऊ दे.

माझं नाव मार्योलाइन. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालायची, गोळ्या द्यायच्या, पडली असतील तर उचलायचं, हे माझं काम. वीस वर्षं करतेय. हे आधीच सांगून ठेवते.

घटस्फोट झाला तेव्हा घर नवऱ्याच्या नावावर होतं. मुलगी येटे अकरा वर्षांची. न्यायाधीशबाईंनी मला एकच प्रश्न विचारला, "मुलीला ठेवणार कुठे?" मग ठरलं असं, की आईला पक्कं घर मिळालं की मुलगी आईकडे. तोवर ती बाबांकडे, आणि मला फक्त शनिवार-रविवार.

घरासाठी मी अख्खा प्रांत पालथा घातला.

एक हिवाळा जंगलातल्या सुट्टीच्या बंगल्यात काढला. तिथे कायम राहायला बंदी, म्हणून पत्रपेटीवर नाव लावायचं नाही आणि तपासणीची गाडी आली की दिवे बंद करायचे. मग नदीकाठी फळबागेच्या गोदामावरची खोली. केसांना, चादरींना, पावालासुद्धा सफरचंदांचा वास. शहरातल्या सरकारी यादीत माझ्यापुढे चारशे माणसं होती. तिथल्या बाईचा आवाज फोनवर गोड होता. "नऊ वर्षं धरून चाला," ती म्हणाली. नऊ वर्षांनी येटे वीसची झाली असती.

आणि मग लिंटेलवेनच्या दुकानातल्या फळ्यावर एक चिठ्ठी दिसली.

"अर्धं शेतघर भाड्याने. शांत माणूस हवा."

घरमालक बेरेंट वेसेलिंक. वय एकाहत्तर. बायको वारलेली, मुलगी लांब झ्वोल्लेला. विटांचं एकच लांबलचक घर, मधे भिंत. भिंतीच्या एका बाजूला त्याचं स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूला माझं.

आत पाहिलं तर नुसतं काँक्रीट. त्यात नवल नव्हतं. आमच्याकडे भाडेकरू जाताना जमिनीवरच्या फळ्यासुद्धा उचकटून नेतो. पण पडदे मात्र जागेवर होते. धुतलेले, इस्त्री केलेले...

आणि पूर्ण ओढलेले.

आमच्याकडे दिवसा पडदे कोण ओढतं? ज्याला काही लपवायचं आहे तो.

मी ते सरकवले आणि तिथल्या तिथे होकार दिला. करार एका वर्षाचा. "जमलं तर पुढे कायमचा करू," बेरेंट म्हणाला. मार्चमध्ये मी राहायला आले. संध्याकाळी तो दारूची छोटी बाटली आणि दोन पेले घेऊन मागच्या दाराने सरळ आत आला.

"आता तू माझी पहिली शेजारीण," तो म्हणाला. "म्हणजे काय ते माहीत आहे का, शहरातल्या बाईला?"

"साखर संपली तर द्यायची?"

"साखर कुणीही देतं. मी आजारी पडलो तर बघायला यायचं. न विचारता, मागच्या दाराने. मेलो तर आंघोळ घालायची, चांगला कोट चढवायचा आणि घरोघरी जाऊन सांगायचं, बेरेंट गेला म्हणून. इथे ते घरच्यांचं काम नसतं. पहिल्या शेजाऱ्याचं असतं."

"आंघोळीची मला सवय आहे. निदान तुम्ही पाणी गार आहे म्हणून ओरडणार नाही."

तो मनापासून हसला. खरं सांगायचं तर तेव्हा मला तो आवडला होता.

"माझ्याआधी तुमची पहिली शेजारीण कोण होती?" मी सहज विचारलं.

त्याने पेला भरला. काठोकाठ.

"होती एक. गेली."

तिसऱ्याच दिवशी सकाळी मी कॉफी ओतत होते. माझी पाळी दुपारची असायची, त्यामुळे सकाळ माझी. घड्याळात दहा वाजले होते.

टक... टक... टक...

मग शांतता. पुन्हा तीनदा.

भिंतीतून. खालून, अगदी जमिनीलगत.

मला वाटलं, बेरेंट काहीतरी ठोकतोय. खिडकीबाहेर पाहिलं तर बेरेंट समोरच्या शेतात ट्रॅक्टरवर बसलेला होता.

दुपारी त्याला गाठलं. "तुमच्या भिंतीत कोण राहतं?"

"पाइप," तो म्हणाला. माझ्याकडे बघितलं नाही. "जुने आहेत. तापले की वाजतात. लक्ष देऊ नकोस. आपोआप थांबतं."

मी प्लंबरच्या घरात वाढलेली बाई. त्या भिंतीत पाइप नव्हता.

पण मी गप्प बसले. घर हवं होतं ना.

रोज दहाला ते व्हायचं. रविवारीसुद्धा. मेमध्ये भिंतीला रंग द्यायला घेतला, तेव्हा खालचा हातभर पट्टा नवा निघाला. ताजा गिलावा. त्यावर बोट फिरवलं तर तो मऊ होता, लगेच भुगा झाला. खाली जुनी भिंत. आणि जुन्या भिंतीवर खड्डे...

छोटे छोटे. अर्ध्या चंद्राच्या आकाराचे. पन्नास तरी असतील. सगळे गुडघ्याच्या खाली.

समोरच्या रस्त्यापलीकडे टोस राहायची. साठीची, बडबडी, कोंबड्या पाळणारी. मी तिला अंगणात गाठून सरळच विचारलं.

"माझ्याआधी तिथे कोण होतं, टोस?"

टोसने हातातली दाण्यांची वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "तुला सांगितलं नाही त्याने?"

"नाही."

"हेर्मिन होती. सव्वीस वर्षं राहिली भाड्याने. बेरेंटला घर रिकामं हवं होतं, सायकलवरून फिरायला येणाऱ्या पाहुण्यांना द्यायला. वकिलाची पत्रं पाठवून दमला. पण तिचा करार जुना, कायदा तिच्या बाजूने. ती त्याला तोंडावर म्हणायची, बेरेंट, मी इथून आडवीच जाईन."

"मग?"

"मग आडवीच गेली." टोसने कोंबड्यांकडे तोंड फिरवलं. "गेल्या वर्षी फेब्रुवारीत पडली स्वयंपाकघरात. खुब्याचं हाड मोडलं. अकरा दिवस तिथेच होती. त्यातले चार दिवस जिवंत, असं डॉक्टर म्हणाले. हातात लाकडी बूट होता. टाच फुटेस्तोवर भिंत ठोकली होती तिने."

"आणि बेरेंट?"

"पोलिसांना म्हणाला, रेडिओ चालू होता. पाइप वाजतायत असं वाटलं."

"आणि तुम्ही सगळे?"

टोस चिडली. "आम्हाला काय माहीत? पडदे ओढलेले दिसले. कचऱ्याचा रिकामा डबा आठवडाभर रस्त्यावरच दिसला, आत नेलेला नव्हता. पण बघायला जाणं बेरेंटचं काम. पहिला शेजारी तो. त्याच्या डोक्यावरून आम्ही कसं जाणार?"

हे असं फक्त आमच्याकडेच होऊ शकतं. जबाबदारी एकाची, हे इतकं पक्कं ठरलेलं, की बाकीचे निवांत.

"तिला आंघोळ कुणी घातली?"

"कुणी नाही. गाडी आली, पिशवीत घालून नेली. घरोघरी सांगायलासुद्धा कुणी गेलं नाही."

मी घरी आले. भीती वाटायला हवी होती. मला संताप आला. चार दिवस. मी रोज पडलेली माणसं उचलते. चार दिवस म्हणजे काय ते मला कळतं.

दुसऱ्या दिवशी दहाला भिंत वाजली तेव्हा मी कप खाली ठेवला आणि मोठ्याने म्हणाले, "मी आले असते, हेर्मिन."

भिंत वाजायची थांबली.

त्या दिवसापासून ती रोज एकदाच वाजायची. टक. शेजारीण "काय, उठलीस का?" विचारते ना, तसं. मीही उत्तर द्यायला लागले. आज पाऊस आहे गं. आज येटे येणार आहे. भिंतीशी बोलणारी बाई म्हणून मला कुणी हसलं तर हसू दे. मला सोबत होती.

सगळं जमून आलं होतं. बेरेंट नव्या करारावर सही करणार, नाताळात येटे कायमची माझ्याकडे येणार. तिने खोलीला रंगसुद्धा निवडला होता. पिवळा.

अकरा नोव्हेंबर, शनिवार. येटे ते दोन शनिवार-रविवार बाबांकडेच होती. बेरेंट मागच्या दाराने आत आला. या वेळी बाटली नव्हती.

"मार्चमध्ये करार संपतो," तो उभ्यानेच म्हणाला. "पुढे नाही करणार. पाहुण्यांसाठी खोल्या काढायच्या आहेत."

"तुम्ही कायमचा करू म्हणाला होतात."

"जमलं तर म्हणालो होतो."

"काय जमलं नाही? मी आवाज केला? भाडं चुकवलं? बेरेंट, माझी मुलगी येणार आहे. घर नसेल तर ती येणार नाही. तुम्हाला हे माहीत आहे."

"कागदावर तारीख आहे, पोरी. त्या बाईच्या वेळी मी चूक केली, तारीख घातली नव्हती. आता घालतो."

हे म्हणताना तो हसला. थोडंसंच. पण मी पाहिलं.

तो गेला. मी जमिनीवर बसले, भिंतीला पाठ लावून. रडले. आणि मग जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"हेर्मिन, आता याचं काय करायचं ते तूच बघ."

पाठीमागे, अगदी माझ्या मणक्यापाशी...

टक.

रविवारी दहाला भिंत वाजली नाही.

सोमवारी नाही.

आठ महिन्यांत पहिल्यांदा ते स्वयंपाकघर इतकं शांत होतं. मला झोपलेल्या घरात उभं राहिल्यासारखं वाटलं.

मंगळवारी, चौदा तारखेला, बरोबर दहाला...

टक... टक... टक...

"आलीस का?" मी म्हणाले.

पण आवाज थांबला नाही. सव्वादहालाही चालू होता. साडेअकराला मी कामावर निघाले तेव्हाही. मला वाटलं, रुसली असेल. खरंच तसं वाटलं. त्या दिवसापुरती मी निर्दोष आहे.

बुधवारी मला सुट्टी होती. दिवसभर थांबून थांबून आवाज येत होता. दुपारी चारला मी भाजी चिरत होते आणि माझा हात थांबला.

हेर्मिन चारला कधीच ठोकत नव्हती.

आणि हा आवाज भिंतीच्या पलीकडून येत होता.

सुरी खाली ठेवली. मागच्या दारापाशी गेले, बूट पायात घातले, कडीला हात लावला. वीस पावलांवर त्याचं दार. ते कधीच बंद नसायचं.

तेवढ्यात माझ्या खांद्यावर हात पडला.

गार नव्हता. चांगला ऊबदार होता. पीठ मळून धुतलेल्या हातासारखा. त्याने मला ढकललं नाही, ओढलं नाही. नुसता राहिला.

मी मागे वळले नाही.

झटकून गेले असते तर तो हात सुटला असता. हे मला तेव्हाही माहीत होतं, आजही माहीत आहे. पण मी येटेचा विचार केला. पिवळ्या खोलीचा. आणि त्याच्या त्या हसण्याचा. मग मी स्वतःशी म्हणाले, आपण शहरातले, न विचारता कुणाच्या घरात शिरत नाही.

बूट काढले. खुर्चीत येऊन बसले. हात खांद्यावरून निघाला.

मी भाजी चिरून संपवली.

गुरुवारी आवाज बारीक झाला. त्या दिवशी कामावर एका आजोबांना न्हाणीघरातल्या फरशीवरून उचललं. अर्धा तास पडले होते. ते माझा हात सोडेनात. "देवासारखी आलीस," म्हणाले. मी गाडीत बसून उलटी केली.

घरी आले. भिंतीतून एकदाच आवाज आला. नख घासल्यासारखा.

शुक्रवारी काहीच नाही.

शनिवारी सकाळी टोसचा फोन. "बेरेंटचा कचऱ्याचा डबा मंगळवारपासून रस्त्यावर आहे. तू बघितलंस का आत जाऊन?"

"नाही."

"अगं, तू पहिली शेजारीण."

आम्ही दोघी मागच्या दाराने आत गेलो. बेरेंट भिंतीशी पडला होता. खुबा मोडलेला. बोटांची सालं निघालेली. हातात लाकडी बूट. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, शुक्रवारी पहाटेपर्यंत जिवंत असावा.

पण टोस त्याच्याकडे बघत नव्हती.

टेबलापाशी चार खुर्च्या असतात. तिथे तीन होत्या. चौथी ओढून त्याच्या डोक्याशी आणून ठेवलेली होती. तोंड त्याच्याकडे. शेजारी जमिनीवर कॉफीचा कप. भरलेला, गार झालेला, त्याच्या हातापासून वीतभर लांब.

आजाऱ्याजवळ बसायला कुणी यावं, तशी ती खुर्ची होती.

"तुला काही ऐकू आलं नाही?" टोसने विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

मग तिने खुर्ची उचलली आणि टेबलापाशी नेऊन ठेवली.

मी बेरेंटला आंघोळ घातली. पाणी कोमट घेतलं. चांगला कोट चढवला. मग रिवाजाप्रमाणे घरोघरी गेले. नऊ घरं. प्रत्येक दारात एकच वाक्य. "बेरेंट वेसेलिंक गेला." सगळीकडे मला आत बसवलं, कॉफी दिली, सोबत एक बिस्किट.

प्रत्येक घरात माझ्यापुढे दोन कप ठेवले.

मला वाटलं, इथली पद्धत असेल.

शेवटच्या घरात एक नव्वदीची आजी. मोतीबिंदूने अर्धवट दिसणारी. तिनेही दोन कप ठेवले. मी बोलून झाल्यावर ती दाराकडे बघून म्हणाली, "तुझ्या मैत्रिणीला आत घे गं. कधीची उंबऱ्यात उभी आहे. बाहेर गारठा किती..."

मी मागे पाहिलं नाही. कॉफी अर्धी टाकून निघाले.

बेरेंटची मुलगी लीस्बेट अंत्यविधीला आली. माझे दोन्ही हात धरून रडली. "बाबांचं शेवटचं सगळं तुम्ही केलंत," म्हणाली. आठवड्याने नवा करार पाठवला. त्यात तारीख नव्हती. घर कायमचं माझं.

नाताळात येटे आली. खोली पिवळी झाली. भिंत पुन्हा कधी वाजली नाही. दीड वर्ष आम्ही सुखात राहिलो. असं मला वाटत होतं.

आता गेल्या महिन्यातलं सांगते.

शनिवार होता. सकाळचे दहा. मी स्वयंपाकघरात कॉफी पीत बसले होते. घर शांत. खिडकीतून ऊन येत होतं. रेडिओही लावलेला नव्हता.

मागचं दार धाडकन उघडलं आणि टोस आत घुसली. खुराड्यातल्या मळक्या चपलांनीच, धापा टाकत.

"बहिरी झालीस का?" ती ओरडली. "पोरगी मरायला टेकलीय तुझी."

ती माझ्या अंगावरून पलीकडे धावली. मीही धावले. न्हाणीघर माझ्या खुर्चीपासून सहा पावलांवर आहे. येटे ओल्या फरशीवर पडली होती. पाय उलटा वळलेला. हातात साबणाची डबी, आणि त्या डबीने ठोकून ठोकून दाराच्या खालचा रंग उडालेला. ओरडून ओरडून घसा बसला होता तिचा.

पाऊण तास. पाऊण तास ती ठोकत होती.

टोसला रस्त्यापलीकडे, कोंबड्यांच्या खुराड्यात ऐकू आलं. मला सहा पावलांवर नाही. देवाशपथ सांगते, मला काहीही ऐकू आलं नाही.

येटेच्या पायात आता स्क्रू आहेत. पाय बरा होईल. मी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी यंत्रं लावली, घंट्या वाजवल्या. कान उत्तम आहेत म्हणाले, वयाच्या मानाने फारच चांगले.

दवाखान्यातून घरी आल्यावर येटेने मला एकदाच विचारलं.

"आई, तू खरंच ऐकलं नाहीस? की ऐकून आली नाहीस?"

दुसऱ्या कुठल्या मुलीने असं विचारलं असतं तर आईला हसू आलं असतं. मला आलं नाही. ती वाट बघत होती, आणि माझ्या खांद्यावर ऊब आली होती.

दुसऱ्या दिवशी येटे तिच्या बाबांकडे गेली. चार दिवसांनी येते म्हणाली. त्याला आता तीन आठवडे झाले.